उन्हात डोकं झाकतोच, मग हेल्मेटनंच का नको?

मे महिन्यात दुपारी एकच्या सुमाराला टेंभुर्णीहून जाफराबादकडे किंवा देऊळगाव राजाकडे जाणाऱ्या मोटारसायकली मोजून पाहा. उघड्या डोक्याचा माणूस शोधूनही सापडत नाही. कुणी दस्ती बांधलेली, कुणी उपरण्याचे दोन फेरे गुंडाळलेले, मागे बसलेल्या बाईचा चेहरा स्कार्फमध्ये, डोळे तेवढे उघडे. हेल्मेट मात्र एखाद्याच्याच डोक्यावर दिसतं. आणखी दोघा-तिघांचं असतं, पण ते आरशाला लटकलेलं किंवा टाकीवर ठेवलेलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: "भाई, या उन्हात ते घालून डोकं शिजतं."

हे उत्तर खोटं नाही, म्हणून त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस जातात अशी बरीच कारणं निघाली होती. आपल्याकडे मराठवाड्यात मुख्य कारण एकच आहे, आणि ते जालन्याचा उन्हाळा सोसलेल्या कुणालाही पटेल. प्लॉटवर बियाण्याच्या कामाला जाणारा, मोसंबीच्या बागा बघत फिरणारा व्यापारी, कपड्यांची फेरी करणारा, वेल्डर, गवंडी, ही माणसं भर उन्हात दिवसभर गाडीवर असतात. शिवाय समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला असला तरी त्यावर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे जुने, खड्ड्यांचे, ट्रक-ट्रॅक्टरच्या गर्दीचे रस्ते यांच्याच वाट्याला आहेत. अशा माणसाला वातानुकूलित गाडीतून उतरलेल्या अधिकाऱ्याने "हेल्मेट का नाही?" म्हणून दटावलं तर तो पावती फाडेल, हेल्मेट घालणार नाही.

पण त्या दस्तीकडे पुन्हा एकदा बघा. उन्हात डोकं उघडं ठेवलं तर थंड राहतं असं आपण मानत असतो, तर दस्ती बांधलीच नसती. आपल्याला अनुभवाने माहीत आहे की एका मर्यादेनंतर वारा गार लागत नाही, भाजतो. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ४२ अंशांवर गेली की वारा अंगातली उष्णता काढून नेत नाही, उलट आणून घालतो. गारवा मिळतो तो घाम वाळतो तेवढाच. म्हणून उघड्या तोंडाने गाडी चालवणाऱ्याचे ओठ फुटतात, डोळे लाल होतात आणि अंगातलं पाणी झपाट्याने जातं. डोकं झाकणं हा उन्हाळ्याचा उपाय आहे यावर आपलं सगळ्यांचं आधीच एकमत झालेलं आहे. वाद फक्त कशाने झाकायचं याचा आहे. दस्तीने ऊन अडतं, रस्ता अडत नाही.

रस्ता काय करतो त्याचे आकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी छापतं. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा वेगळा आकडा आहे: ५०,०२९. त्यांत ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेली ही चौदा हजार माणसं कोण असतील याचा अंदाज करायला मंत्रालयाची गरज नाही. डबल सीट बसून दवाखान्यात, माहेरी, शाळेत, बाजाराला जाणाऱ्या आपल्या घरच्या बाया-पोरांसारखीच ती असणार.

हेल्मेटने किती फरक पडतो हेही आता अंदाजाचं राहिलेलं नाही. जगभरातले अभ्यास एकत्र करून कोक्रेन या संस्थेने २००८ मध्ये जो आढावा काढला त्यानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. ही गोष्ट सगळ्यात आधी एका डॉक्टरच्या लक्षात आली होती. १९३५ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. मग त्यांनी लष्करातल्या निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटच्या बाजूने लेख लिहिला. अरबांच्या वाळवंटात डोक्याला कपडा गुंडाळून फिरलेला माणूस शेवटी गेला तो थंड देशातल्या गावाकडच्या रस्त्यावर, डोक्याला मार लागून.

"थंड देशांना हेल्मेट परवडतं" म्हणणाऱ्यांनी व्हिएतनामकडे पाहावं. तिथे उकाडा आपल्यापेक्षा चिकट, आणि मोटारसायकली आपल्यापेक्षा दाट. तिथले लोक हेल्मेटला 'भाताचा कुकर' म्हणत, कारण आत डोकं शिजतं. तक्रार अगदी आपलीच. तरी १५ डिसेंबर २००७ पासून तिथे सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि मागच्याला, हेल्मेट सक्तीचं झालं आणि वापर नव्वद टक्क्यांच्या वर गेला. पहिल्या तीन महिन्यांत वीस रुग्णालयांतून घेतलेल्या माहितीत डोक्याला इजा होण्याचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. सक्तीच्या आधीच तिथे उष्ण हवेसाठी मुद्दाम हलकी, हवेशीर हेल्मेटं बनवण्याचा कारखाना निघालेला होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुढे तिथेही तकलादू, स्वस्त हेल्मेटांचा बाजार भरला, म्हणजे आपल्याकडचा रोग तिथेही गेला.

आपल्याकडचा हा रोग मोहिमेच्या दिवसांत उघडा पडतो. पोलिसांची कारवाई सुरू झाली की चौकात, पेट्रोल पंपाजवळ रंगीत हेल्मेटांचे ढीग लागतात. दोनशे-तीनशे रुपये. घेणाराही ते डोक्यासाठी घेत नाही, पावतीसाठी घेतो. हे हेल्मेट अंगठ्याने दाबलं तरी वाकतं. आत थर्माकोलऐवजी पातळ स्पंज असतो, भोकं नसतात, आणि काळ्या चकचकीत प्लास्टिकमुळे ते खरोखरच शिजवतं. मग तो माणूस चार गावांत सांगत फिरतो की हेल्मेट उन्हात घालण्याची वस्तू नाही. आपल्या भागातल्या कित्येकांचं हेल्मेटबद्दलचं मत अशाच एका खोट्या हेल्मेटवरून बनलेलं आहे.

कायदा याबाबत ढिला नाही. १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट बनवायला आणि विकायला मनाई आहे. मानकाचा क्रमांक आयएस ४१५१. शिक्क्याच्या वर हा क्रमांक आणि खाली 'सीएम/एल' लिहून परवाना क्रमांक असतो. नुसता शिक्का छापणं कुणालाही जमतं, त्यामुळे मोबाईलवर 'बीआयएस केअर' ॲप घेऊन तो परवाना क्रमांक टाकून बघावा. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली तर ठीक, नाही तर दुकानदाराला सलाम करून निघावं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि घरातलं नववीतलं पोरगंही ते करून देईल.

आता निवडीचं. हेल्मेटच्या बाहेरच्या कडक कवचाखाली जो दाबलेला थर्माकोल असतो तोच खरा कामाचा. आपटलं की तो चेपतो आणि धक्का आपल्यात घेतो. हाच थर्माकोल बर्फाच्या आणि माशांच्या पेट्यांना वापरतात. म्हणजे बाहेरचं ऊन तो आत येऊ देत नाही, ही जमेची बाजू. पण डोक्याची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही, ही अडचण. म्हणून त्यातून वारा जायला वाट लागते: पुढून आत आणि मागून बाहेर. बऱ्याच हेल्मेटांना कवचावर नुसत्या शोभेच्या जाळ्या असतात, आत थर्माकोल सलग असतो. दुकानात आतलं कापड बाजूला करून मोबाईलची बॅटरी लावा. पुढच्या जाळीतून उजेड आत येतो का, मागच्या भोकापर्यंत थर्माकोलमध्ये नाली कोरलेली आहे का, ते बघा. नसेल तर ती जाळी नाही, स्टिकर समजा. शिवाय कितीही चांगली भोकं असली तरी वारा गाडी चालू असतानाच फिरतो. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाला गाडी बंद करून उभं राहावं लागलं तर काच वर करा, वाटल्यास हेल्मेट काढा. त्याला कुणाची हरकत नाही.

रंग पांढरा किंवा फिकट घ्या. स्लॅब तापू नये म्हणून आपण उन्हाळ्यात गच्चीवर पांढरा चुना मारतो, तेच गणित इथे. पोरांना मॅट काळं हवं असतं, कारण व्हिडिओत तसं दिसतं. त्यांना एक गोष्ट सांगा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड भागात झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट वापरणाऱ्यांना अपघातात जखमी होण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला, कारण पांढरं लांबून दिसतं. आपल्या रस्त्यावर संध्याकाळी ऊस किंवा कडबा भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरांमधून वाट काढताना दुसऱ्याला आपण दिसणं ही लहान गोष्ट नाही.

मापात आपण हमखास फसतो. "गरम होऊ नये म्हणून एक नंबर मोठं घेतलं" हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की दुकानदारच तसं शिकवत असावेत. सैल हेल्मेट दुकानात हवेशीर वाटतं. रस्त्यावर ते वाऱ्याने मागे ओढलं जातं, मान दुखते, डोळ्यांवर घसरतं आणि पडताना डोक्याआधी तेच निसटतं. टेलरच्या टेपने भुवयांच्या एक बोट वरून, कानांच्या वरून डोक्याचा घेर मोजा. हेल्मेटवर ५८० किंवा ६०० असे आकडे असतात, ते मिलिमीटर. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, कपाळ दुखता कामा नये. पट्टा बांधून मान हलवली तर हेल्मेटबरोबर गालाची कातडीही हलायला हवी. मग मागची कड धरून पुढे ओढून बघा. निघून आलं तर ते तुमचं नाही. नवं कापड महिनाभरात थोडं बसतं, म्हणून सुरुवातीला घट्टच बरं. आणि पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट कायद्यातही हेल्मेट धरलं जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ते डोक्याला पट्ट्याने नीट बांधलेलं असावं असं स्पष्ट म्हटलं आहे.

पूर्ण तोंडाचं की हाफ? उन्हाळ्यात सगळ्यांचा ओढा हाफकडे असतो. माझं मत पूर्ण तोंडाच्या बाजूने आहे. जर्मनीतल्या अपघातांच्या एका जुन्या अभ्यासात हेल्मेटवरच्या आघातांपैकी सुमारे एक तृतीयांश हनुवटीच्या भागावर आढळले होते. हाफमध्ये तो भाग उघडा. शिवाय वर म्हटल्याप्रमाणे ४२ अंशांच्या झळा तोंडावर घेण्यात सुख नाहीच. काच बोटभर उघडी ठेवून चालवणारा पूर्ण हेल्मेटवाला हाफवाल्यापेक्षा कमी भाजतो, धूळ आणि किडेही कमी खातो. काच पारदर्शकच घ्या. काळी काच दुपारी बरी वाटते, पण परत येताना मगरिब होऊन गेलेली असते. गावातल्या गावात, किराण्याला आणि शाळेत सोडायला आयएसआयचं हाफ वापरलं तरी काहीच नसण्यापेक्षा चांगलं. "इथल्या इथे" म्हणून मात्र तेही टाळू नका. उभ्या गाडीवरून डोकं दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आलं तरी ते ताशी वीसच्या आसपास वेगाने आदळतं. गाडी चालू असण्याचीही गरज नाही. आणि कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घालून जालन्याच्या एमआयडीसीतून घरी येणाऱ्यांनो, ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी आहे. त्याचं मानकच वेगळं आहे, आयएस २९२५.

वजनाचं म्हणाल तर सव्वा किलोच्या आसपासचं मानेला झेपतं. आतलं कापड काढून धुता येतं का हे विचाराच. आपल्या घामात हा मुद्दा सगळ्यात मोठा ठरतो. आठ-पंधरा दिवसांनी साध्या शाम्पूने धुऊन सावलीत वाळवलेलं कापड असेल तर वासही येत नाही आणि डोकं खाजतही नाही. केस जाण्याची भीती बहुतेक वेळा न धुतलेल्या हेल्मेटची असते.

टोपी, ओढणी, हिजाब यांच्यावर उघड बोललं जात नाही, म्हणून इथे बोलतो. जाळीची किंवा पातळ सुती टोपी हेल्मेटखाली चालते. ती घाम शोषते, उलट सोयीचीच. जाड, कडक काठाची टोपी चालत नाही, ती खिशात ठेवा. आपल्या बहिणींची अडचण जरा जास्त आहे. स्कार्फखाली अंबाड्याचा उंचवटा, वर दोन-तीन पदर, पिना, आणि त्यावर हेल्मेट. हे बसतच नाही, मग "आम्हाला नको" म्हणून विषय संपतो. उपाय साधा आहे. केस मानेजवळ खाली बांधा, आत एकच पातळ सुती स्कार्फ किंवा अंडरस्कार्फ, गाठ हनुवटीखाली किंवा मागे मानेवर. डोक्याच्या वर किंवा बाजूला पिन नको, पडल्यावर तीच टोचते. हेल्मेट घ्यायला जाताना हाच स्कार्फ घालून जा आणि त्यावरच माप घ्या. अडचण येते ती मापच घेतलं जात नाही म्हणून. घरातली दोन हेल्मेटं पुरुषांच्या मापाची आणि बाईला मिळतं ते उरलेलं. ओल्या सुती दस्तीचा उपायही दोघांना लागू आहे. आपली हवा कोरडी आहे, म्हणून पातळ दस्ती भिजवून, पिळून हेल्मेटखाली घातली तर वाळेपर्यंत छान गारवा देते.

चार वर्षांवरच्या मुलालाही कायद्याने हेल्मेट लागतं, आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळासाठीही हेल्मेट आणि चालवणाऱ्याला जोडणारा पट्टा आवश्यक आहे. टाकीवर बसवलेलं लेकरू आपल्याकडे लाडाचं समजलं जातं. त्याच्या मापाचं हेल्मेट तालुक्याच्या दुकानात मागून पाहा, सहजी मिळत नाही. कुणी मागत नाही म्हणून दुकानदार ठेवत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण तेवढा नाही. हजार-बाराशेत आयएसआयचं साधं, पूर्ण तोंडाचं हेल्मेट मिळतं. ऐंशी हजार-लाखाच्या गाडीला हप्ता काढून सीट कव्हर, क्रॅश गार्ड, नंबर प्लेटवर नाव, सगळं होतं. लग्नात गाडी मागायला तर आपल्याकडे अजून लाज वाटत नाही. जहेज घेणं मुळातच चूक, पण ज्या मुलीच्या बापाने कर्ज काढून गाडी दिली, तिच्या नवऱ्याने दोन हेल्मेटं स्वतः आणली असं मी तरी ऐकलेलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ नुसार नवी दुचाकी विकताना मानकाचं हेल्मेट देणं बंधनकारक आहे. ओळखीतल्या एका तरुणाला शोरूममधून मिळालेल्या हेल्मेटवर शिक्काच नव्हता. विचारलं तर "ते फुकटचं आहे" असं उत्तर आलं. ते फुकटचं नसतं, गाडीच्या किमतीतच असतं. तिथेच उभं राहून शिक्क्याचं हेल्मेट मागा आणि मिळाल्याशिवाय डिलिव्हरीच्या कागदावर सही करू नका.

सरकारकडेही मागणं आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हेल्मेटवर १८ टक्के कर लागला. जी वस्तू न घातल्याबद्दल सरकार दंड घेतं, तिच्यावर कर घेण्याचं समर्थन कसं करणार? तो शून्य असावा. आणि कारवाई करायचीच तर दस्तीवाल्याला थांबवण्याआधी चौकातला बिनशिक्क्याचा ढीग उचलावा. तो विकणं गुन्हा आहे आणि विकणारा रोज त्याच जागेवर उभा असतो. पंचायतीलाही पुष्कळ करता येईल. आठवडी बाजाराच्या दिवशी एका टेबलावर टेप, दोन मापांची चांगली हेल्मेटं आणि बीआयएस केअर ॲप असलेला मोबाईल घेऊन दोन तरुण बसवले तर खर्च चहाचाच. मशिदींच्या कमिट्यांनी, बचत गटांनी वीस-पंचवीस घरांची मागणी एकत्र केली तर जालन्याचा घाऊक दुकानदार भाव नक्की पाडतो. त्यांत लहान मुलांची मापं आणि स्कार्फवर बसणारी मापं आधी लिहून घ्यावीत.

घेतल्यावर ते आरशाला लटकवू नका, आतला थर्माकोल दबतो. पेट्रोलने पुसू नका, टाकीच्या झाकणावर ठेवू नका, दुपारी उन्हात सोडू नका. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी ते संपलं, बदला. तसं काही झालं नाही तरी पाच वर्षांनी बदला. हेल्मेटच्या आत तयार झाल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते दुकानातच वाचा. तीन वर्षं पडून राहिलेला माल सवलतीत विकायला बरेच जण बसलेले असतात.